हौसपट्टी

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीपण विट्याला आमच्या घराच्या मागच्या खोलीत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे तेवीस कॉम्प्युटर आहेत, आणि तेवीसच्या तेवीस मी ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतलेत. मी म्हणजे आनंदा मेटकरी. उभा जन्म खिलार बैलांची दलाली केली. बैलाचे दात बघून वय सांगेन, चाल बघून खोड सांगेन. पण त्या डब्यांचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

हौस बायकोची, रत्नमालेची. तीस वर्षं ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सगळा गाव तिला मॅडम म्हणतो, म्हणून चेष्टेनं मीही मॅडमच म्हणतो. रिटायर झाल्यावर बायका चारधामाला जातात, मॅडमनी मेलेले कॉम्प्युटर जिवंत करायला घेतले. फुगलेला कपॅसिटर काढायचा, नवा बसवायचा, आणि बटण दाबल्यावर पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की ओरडायचं, "अहो, आला बघा!" गाय व्याल्यावर सुद्धा आमच्या घरात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मग बोली त्यांनी स्वतः का नाही लावायची? परवडत नव्हती म्हणून. का परवडत नव्हती, त्यासाठी थोडं शास्त्र ऐकून घ्या. मॅडमनी मला चार वेळा समजावलंय, त्यामुळं चुकणार नाही.

पूर्वी लिलावात माणसाच्या नावानं यंत्रंच बोली लावायची. शेवटच्या सेकंदाला असलं एखादं यंत्र टपकायचं आणि वस्तू पळवायचं. हाडामासाचा माणूस बसला बोंबलत. शेवटी कायदा झाला, की बोली लावताना फोनच्या कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस बसलेला पाहिजे. जिवंत आहे हे ओळखायचं कसं? तर काळजाच्या प्रत्येक ठोक्याला तोंडाकडं रक्त येतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, कारण रक्त हिरवा उजेड गिळतं. म्हणजे हात न लावता नाडी मोजता येते. कॅमेऱ्यापुढं नुसता फोटो धरला तर नाडी लागत नाही, बोली बाद.

इथवर बरं चाललं होतं. पण कॅमेरा एकदा तोंडासमोर बसला की तो काय नुसती नाडी बघून गप्प बसतोय? हवी ती वस्तू समोर आली की माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते, श्वास अडतो, नाडी उडी मारते. अशा कोट्यवधी नोंदी जमल्या आणि लिलाववाल्यांच्या यंत्राला कळायला लागलं, की कुणाला कुठली वस्तू किती हवीय. शून्य ते शंभर असा काटाच त्यांनी केला. मग म्हणाले, पैसे भरतानाचं शुल्क सगळ्यांना सरसकट दीड टक्का, हा अन्याय आहे. ज्याला वस्तू जास्त हवी त्यानं जास्त द्यावं. शेवटची बोली दाबताना काटा तीसवर असेल तर तीस टक्के. शून्यावर असेल तर जुना दीड टक्का. कागदोपत्री त्याला 'अनुरूप शुल्क' म्हणतात. लोकांनी घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालीवर त्याचं नाव पाडलं, हौसपट्टी.

बघता बघता हे लोण सगळीकडं गेलं. साडीच्या दुकानात कॅमेरे आले, तशी लोकांनी लग्नाच्या बस्त्याला नवरीला न्यायचंच बंद केलं. साडीतलं काडीचं कळत नाही असा एखादा मामा हुडकायचा आणि त्याला पाठवायचं. रक्तदाबाच्या गोळ्या खाऊन सोनं घ्यायला जाणारे निघाले. ज्यांचा काटा हलतच नाही अशा माणसांना भाव आला. त्यांना 'थंडे' म्हणतात. पुण्यामुंबईकडं तर थंड्यांची ऑफिसं निघाली.

पहिल्या लिलावात मॅडम स्वतः बसल्या होत्या. काटा गेला सत्त्याऐंशीवर. चार हजारांच्या डब्याचे साडेसात हजार व्हायला लागले. त्यांनी रडवेल्या तोंडानं फोन माझ्याकडं सरकवला. मी बसलो. काटा शून्य.

"अहो, जिवंत आहात ना?" मॅडम म्हणाल्या.

जिवंतच होतो. पण मी बाबालाल मुलाण्यांचा चेला.

खरसुंडीच्या बाजारात आम्ही बैलाचा भाव तोंडानं बोलत नसू. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. पण त्यात एक मेख आहे. समोरच्याचा हात तुमच्या हातात असतो. मुरलेला दलाल बोटं दाबता दाबता हळूच अंगठा मनगटावर ठेवतो आणि नाडी बघतो. गिऱ्हाईक तोंडानं "परवडत नाही" म्हणतंय आणि नाडी थडथड उडतीय, म्हणजे अजून पाच हजार चढवायला हरकत नाही. आता सांगा, त्या लिलाववाल्यांनी मोठा कसला शोध लावला? बाबालालचाचा चौथी नापास होते, त्यांना हे सगळं ठाऊक होतं.

त्यांनीच मला घडवलं. "आनंदा, जे लई हवं, त्याच्याकडं सगळ्यात कमी बघायचं. तोंड मढ्यागत ठेवायचं. मनगट गार. आणि जीव सोडायचा दुसऱ्या हाताच्या बोटांत. ती कुणाला दिसत न्हाईत." सहा महिने रोज माझ्या मनगटावर अंगठा ठेवून ते बसायचे, आणि नाडी उडाली की डोक्यात टपली. पुढं ती सवयच लागली. अजूनही बोली लावताना माझ्या मांडीवर टॉवेल असतो आणि त्याखाली डावा हात. फोन उजव्या हातात.

अशा रीतीनं पाच वर्षं मी मॅडमचा थंडा होतो. नियम एकच, बोलीच्या वेळी मॅडमनी खोलीत थांबायचं नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच भांडी आपटत बसायच्या. मी बोली जिंकून हाक मारली की भांडी थांबायची. एकंदर बरं चाललं होतं आमचं.

आणि मग लिलावात आला गोदा-८.

नाशिकच्या एका छोट्या कारखान्यानं हा कॉम्प्युटर काढला होता. तीनशे नग केले आणि कारखाना बंद पडला. की-बोर्डवर देवनागरी अक्षरं. त्यातला एक, मॅडम लहानपणी शिकत होत्या त्या शाळेला देणगीत आला होता. हेडमास्तरांनी त्याला वेगळी खोली दिली, खाली सतरंजी, वर मखमलीचं झाकण, चपला बाहेर. आणि तो रोज पुसायचं काम दिलं रत्नमालेकडं.

"दोन वर्षं पुसला मी त्याला," फोनवरचा फोटो दाखवत मॅडम म्हणाल्या. "चालू कधीच केला नाही कुणी. बिघडला तर, म्हणून. माझ्या नावातल्या त्या 'र'वर रोज फडकं फिरवायचे, पण दाबायचं नाही. जोरात पुसलं तरी हेडमास्तर ओरडायचे. अहो, चालू स्थितीतला आख्ख्या देशात हा एकच उरलाय. हा मला पाहिजे."

"मग घेऊ की," मी म्हणालो. "तीन लाख बाजूला आहेत तुमचे. दीड टक्का हौसपट्टी म्हणजे किरकोळ."

दीड टक्का म्हणालो आणि तिथंच माशी शिंकली. किती वाचतील त्याचा हिशोब करायला म्हणून मॅडमनी ॲपमधल्या जुन्या पावत्या काढल्या. बावीस खरेद्या आणि बावीस शून्य. त्यांनी फोन खाली ठेवला.

"ही मशीनं तुम्ही माझ्यासाठी घेतलीत ना?"

"मग काय माझ्यासाठी? मी काय करणार त्यांचं, गोठ्यात बांधू?"

"मग मला ती मिळावीत असं एकदाही वाटलं नाही तुम्हाला? बावीस वेळांत एकदासुद्धा काटा हलला नाही?"

मी हसण्यावारी नेलं. ती माझी चूक झाली. मॅडमनी ॲपमधली 'सराव' नावाची सोय उघडली. त्यात पैसे लागत नाहीत, नुसता काटा दिसतो. फोन माझ्या तोंडासमोर टेकवून ठेवला आणि पलीकडून एकेक वस्तू धरायला लागल्या. पुरणाची पोळी, काटा चारवर. मुलीचं पत्र आलेलं होतं बंगळूरहून, ते नऊ. मग त्यांनी भिंतीवरचा हरण्याचा फोटो काढून आणला. हरण्या म्हणजे माझा बैल. तसा बैल पुन्हा झाला नाही. नाइलाजानं विकला, त्यालाही तीस वर्षं झाली.

काटा गेला एकसष्टवर.

"अगंबाई!" मॅडम म्हणाल्या. मग हरण्याला बाजूला ठेवून त्या स्वतः फोनच्या पलीकडं बसल्या. माझ्याकडं सरळ बघत. काटा शून्य. चष्मा काढला. शून्य. पदर सारखा केला, थोडंसं हसल्या. शून्य.

त्यांनी फोन बंद केला. "बैल एकसष्ट. बायको शून्य."

"अगं, तसं नसतं ते! हरण्या आता मला घ्यायचा आहे का? त्याच्यापाशी लपवायचं कशाला? तुला बघायला आलो होतो ते आठव. तू रेडिओ उघडून बसली होतीस, हातात पेचकस. बघताक्षणी माझ्या मनात बसलीस, म्हणून तर तोंड मढ्यागत केलं. तुझ्या बापानं चाचांना विचारलं, पोराला मुलगी पसंत नाही का? तेच तोंड तुझ्यापुढं कायम राहिलं. जे लई हवं—"

"एकोणचाळीस वर्षं?" मॅडमनी मला मध्येच तोडलं. "मी इलेक्ट्रॉनिक्सची बाई आहे. मीटर जे दाखवतं, ते रीडिंग. ऐका आता. गोदावर माझा जीव आहे. पण तुमच्या शून्यातून आलेला गोदा मला नको. तसा आणलात तर मी खोकं उघडणार नाही. आईशप्पथ."

मॅडम शपथ कधी घेत नाहीत. मी हादरलो.

लिलावाला आठ दिवस होते. मी रोज गच्चीवर जाऊन सराव केला. लोक थंड व्हायला धडपडतात, मी गरम व्हायला धडपडत होतो! मॅडमच्या टायफॉइडचे दिवस आठवले, मुलीचा जन्म आठवला. डोळ्यांत पाणी यायचं, पण फोन समोर दिसला की आतून चाचा टपली मारायचे आणि काटा शून्यावर. एकदा तीनवर गेला तेव्हा मी उडालोच. नाकावर माशी बसली होती. खाली घरात मॅडम कामापुरतं बोलत होत्या. भाजीत मीठ बरोबर असायचं, पण जेवण जात नव्हतं.

रविवारी सकाळी अकराला लिलाव सुरू झाला. मॅडम स्वयंपाकघरात. आज भांड्यांचा आवाज नव्हता. मी मांडीवर टॉवेल घेऊन बसलो. ठरवलं होतं, आधी घेऊ तर. हातचा गेला तर परत दिसायचा नाही. शपथेचं पुढं बघू.

सात जण होते. लिलाववाल्यांच्या नियमानं प्रत्येकाचा काटा सगळ्यांना दिसतो. कुणी पंचावन्न, कुणी सत्तर. हौसपट्टीच्या भीतीनं ते लाखाच्या आतच गळाले. उरलो दोघं. मी शून्य, आणि बोलीदार नंबर पाच, तोही शून्य. तो कुणाचातरी पगारी थंडा होता. एक वीस. एक चाळीस. एक साठ. दोन मढी एकमेकांशी भांडत होती म्हणा ना.

त्यानं एक लाख ऐंशी हजार लावले, तेवढ्यात दारात सावली आली. मॅडम.

"राहू द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उठा. नको मला. उगाच तुम्हाला—" आणि थांबल्या. "तो टॉवेल का हलतोय?"

मी खाली बघितलं. टॉवेल खरंच हलत होता.

मॅडम कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि त्यांनी टॉवेलाखाली हात घातला. माझी पाचही बोटं कढईतल्या लाह्यांसारखी उडत होती. बाजारात चाळीस वर्षं ती अशीच उडायची, पण कुणाला कधी कळलं नव्हतं. बावीस मशीनांच्या वेळीही उडाली होती. रत्नानं ती सगळी मुठीत घट्ट धरली.

"अहो," ती म्हणाली, "हे इथं होतं होय सगळं?"

एकोणचाळीस वर्षांत तिनं माझा हात धरला नव्हता असं नाही. पण हा, टॉवेलाखालचा, कधी धरला नव्हता. आणि तिचा अंगठा नेमका मनगटावर आला. चाचांनी शिकवलेलं सगळं क्षणात पाण्यात गेलं. मला गोदा हवा होता. त्या 'र'वर तिचं बोट पडलेलं बघायचं होतं. इतकं हवं होतं की छाती दुखायला लागली, आणि ते माझ्या तोंडावर आलंय हे मला कळत होतं.

काटा नऊ. सव्वीस. चव्वेचाळीस.

"हात काढ," मी ओठ न हलवता म्हणालो. "काटा चढतोय."

"चढू दे."

"पैसे पुरायचे नाहीत, बाई!"

मॅडमनी फोनवर नजर टाकली. काटा बासष्टवर जाऊन थरथरत होता. हिशोबाला त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. "एक पंच्याऐंशीला बासष्ट टक्के... दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे. दाबा! याच्यावर तो चढला तर सोडून देऊ. दाबा हो!"

मी दाबलं. आता तीस सेकंद. नंबर पाचनं एक बोली लावली की आमचा खेळ खलास. त्याच्या मालकाच्या खिशात किती आहेत देव जाणे, आमच्या खिशात तीनशे रुपये उरत होते. रत्नाची पकड एवढी घट्ट की माझं बोट मोडतंय असं वाटायला लागलं.

वीस सेकंद. दहा. आणि मला बाजार आठवला. एखाद्याचा जोडीतला एक बैल मेला आणि तो उरलेल्याला जोड लावायला बाजारात आला, की आम्ही दलाल त्याच्या आड जात नसू. चांगुलपणा थोडा, आणि व्यवहार जास्त. कारण असला माणूस मागं हटत नाही, विहीर विकेल पण बैल नेईल. त्याच्याशी भिडून वेळ का घालवायचा? थंड्यांच्यात हाच नियम आहे, मीही पाळत आलोय. समोरचा काटा चढायला लागला आणि तरीही त्यानं बोली दाबली, की समजायचं याचं डोकं फिरलंय. उठायचं. आमच्या खिशात तीनशे उरलेत हे नंबर पाचला कुठं दिसत होतं? त्याला दिसत होता फक्त काटा, शून्यावरून उठून बासष्टवर गेलेला.

नंबर पाच उठला.

"अहो, आला!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनी माझा हात टॉवेलासकट वर उचलला. मी हसत होतो की रडत होतो ते मला नीट सांगता येणार नाही. काटा तेव्हा किती होता तेही बघायचं राहिलं.

दहा दिवसांनी खोकं आलं. मॅडमनी ते उघडलं. दोन दिवस आतलं बाहेर करून तपासलं, दोन कपॅसिटर बदलले. तिसऱ्या दिवशी मला मागच्या खोलीत बोलावलं.

"चपला बाहेर," दारातच म्हणाल्या.

"अगं, आपलंच घर आहे!"

"चपला बाहेर म्हणते ना."

काढल्या. खाली सतरंजी अंथरलेली होती. मॅडमनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, मग कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. त्यांनी पदराला हात पुसले, अवघडल्यासारखं माझ्याकडं बघितलं, आणि एक बोट उचलून 'र' दाबला. पडद्यावर 'र' उमटला. मॅडम त्याच्याकडं बघत बसल्या. दुसरं अक्षर दाबायची त्यांना काही घाई नव्हती.

त्या खोलीत आता लोक येत असतात, मॅडमचे जुने विद्यार्थी, कधी लांबून आलेले हौशी. गोदा बघून झाला की भिंतीकडं बघतात. तिथं हरण्याचा फोटो आहे, खाली मॅडमच्या अक्षरात '६१' लिहिलेलं. त्याच्या शेजारी, बोटभर उंचावर, काचेच्या चौकटीत लिलावाची पावती.

"बासष्ट टक्के हौसपट्टी!" परवाच एकजण कळवळून म्हणाला. "मॅडम, लुटलं की हो तुम्हाला."

"लुटू दे," मॅडम म्हणाल्या. "एकानं का होईना, बैलाच्या पुढं गेले मी."